वहीतला मकरंद

मकरंदला पहाटे पाचला जाग येते, हे मला माझ्या बायकोच्या वहीतून कळलं.

वही शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. शारदा भाजी आणायला गेली होती आणि मी तिच्या पिशवीतून ती काढली. सहज हाताला लागली असं सांगणार होतो, पण या वयात खोटं कशाला बोला. तीन आठवडे मी त्या वहीच्या मागावर होतो.

मकरंद कोण ते आधी सांगतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवणारा इसम, तो मकरंद. मूळचा नागपूरचा. इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. रिटायर झाला, चार वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगा बंगलोरला, आणि हा गडी आपल्या गावी परत जायचं सोडून झाशीतच राहिला. का राहिलात म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "सवय झाली हो गावाची." सत्तेचाळीस डिग्रीची सवय कोणाला होते, सांगा मला. वय त्रेसष्ट, म्हणजे माझ्याहून चारच वर्षांनी लहान, पण डोक्यावर दाट केस. पायात पोरांसारखे खेळायचे बूट. आणि बोलतो असं की जणू रेडिओवर बातम्या सांगतोय. माझ्या बायकोला शारदाताई म्हणतो. ताई म्हणणाऱ्या माणसांवर माझा मुळीच भरवसा नाही.

मी त्याच्यावर जळत होतो. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्या तोंडातून काढायला नको.

आता माझं. मी जनार्दन. आमच्या सात पिढ्या झाशीत गेल्या. आमच्या मराठीत निम्मी हिंदी असते, आणि असू दे, त्यात आम्ही जन्मलो, मरणार पण त्यातच. मी मोठ नावाच्या गावी सिंचाईच्या दफ्तरात चौतीस वर्षं क्लर्क होतो, शेवटी बडे बाबू. रोज कानपूर रोडची बस, चिरगाव मागे टाकून मोठ, आणि संध्याकाळी परत. इंग्रजी पत्रांचा मसुदा करावा तर मीच. साहेब बदलले, मसुदा माझाच राहिला. विथ रेफरन्स टू युवर लेटर, आय ॲम डायरेक्टेड टु स्टेट. असं ते इंग्रजी, कडक इस्त्रीचं. गल्लीतल्या लोकांचे अर्ज मी लिहून देत असे. घरातले तर सगळेच.

शारदाला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे अक्षरं यायची, पाटी वाचायची, पण फॉर्म आला की तो माझ्यासमोर. हिंदीतला फॉर्म असला की मात्र ती स्वतः भरायची, एक खाना सोडून. पतीचं नाव. तिथे आली की पेन माझ्या हातात द्यायची आणि खिडकीबाहेर बघायची. ती सागरच्या जुन्या घरातली, तिच्या आईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, हिनं पण नाही. मी म्हणजे "अहो". एकेचाळीस वर्षं "अहो". बँकेतली पोरगी हसली एकदा, म्हणाली, "आंटीजी, अंकल का नाम लिखने में क्या है?" शारदा म्हणाली, "वो वहीं खड़े हैं, उन्हीं से लिखवा लो."

फक्त चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला नाव घ्यावं लागतं. बायका सोडत नाहीत. पुरुष त्या खोलीत नसतात, पण मी दरवर्षी स्वयंपाकघरात पन्हं ढवळत उभा राहतो आणि भिंतीला कान लावतो. यंदा म्हणाली, "कूलरला बांधली खसाची जाळी, जनार्दनरावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी." वर्षातून एकदा ऐकू येतं ते एवढंच. मला तेवढं पुरायचं.

तर आमची लेक चारुता कॅनडाला आहे. ऑगस्टमध्ये तिचं बाळंतपण. माझ्या हृदयात दोन स्टेंट, डॉक्टरांनी एवढा लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलेलं. म्हणून जुलैत शारदानं एकटीनं जायचं ठरलं. किती दिवस, यावर घरात बोलणं झालं. चारुता म्हणाली सहा महिने, मी म्हणालो तीन. शारदा म्हणाली, "बरं, तीन." जावई अमोघनं तिकीट काढलं, ऑक्टोबरच्या परतीचं, आणि मी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवली.

एकटी जायचं म्हणजे इंग्रजी हवं. मी म्हणालो, मी आहे ना. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? चार दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "विमानात पाणी मागायचं तर काय म्हणू?" मी सांगितलं, "आय शॅल बी ग्रेटफुल इफ अ ग्लास ऑफ वॉटर इज मेड अव्हेलेबल." ती म्हणाली, "एवढं म्हणून होईस्तोवर मी तहानेनं मरेन." मी भडकलो. माझा आवाज चढला, तिनं पुस्तक मिटलं. आणि त्या शुक्रवारी शेजारच्या शशिकलेबरोबर ती मकरंदच्या वर्गाला गेली.

तिथून सुरू झालं.

या मकरंदनं पूर्ण महिनाभर एकच शब्द शिकवला. गेट. अहो, चौतीस वर्षांत मी हा शब्द एका पत्रात वापरला नाही. रिसीव्ह लिहा, ऑब्टेन लिहा, गेट हा काय शब्द आहे? हमाल-हेल्परांचं इंग्रजी ते. पण शारदा घरी यायची ती नुसती फुललेली. "अहो, एका गेटमध्ये सगळा संसार बसतो," म्हणाली. "झोपेतून उठायचं, ते गेट. आजारी पडायचं, गेट. बस पकडायची, गेट. राग आला, गेट. कोणाला चहा आणून द्यायचा, तेही गेट."

मी म्हणालो, "झाशीत काय गेट कमी आहेत? खंडेराव गेट, दतिया गेट, ओरछा गेट. त्यासाठी नागपूरचा माणूस कशाला?"

पूर्वी अशा बोलण्यावर ती हसायची. आता म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच," आणि पिशवीतून वही काढून लिहायला बसली.

मग एक दिवस तिनं मला विचारलं, "अहो, गेट बाय म्हणजे काय?" तिनं मला विचारलं याचाच मला एवढा आनंद झाला की मी विचार न करता सांगून टाकलं, "बाजूनं निघून जाणे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मंगळवारी परत आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "गेट बाय म्हणजे निभावून नेणं हो. थोडक्यात भागवणं. मकरंदजींनी सांगितलं, कोणी विचारलं एकट्याचं कसं चालतं, तर म्हणायचं, आय गेट बाय. ते स्वतः तसंच म्हणतात."

स्वतः तसंच म्हणतात. म्हणजे हा माणूस बायकांसमोर आपलं एकटेपण इंग्रजीतून मांडतो. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या रात्री मी ताक पण घेतलं नाही.

नुसतं इंग्रजीच असतं तरी मी गप्प बसलो असतो. तिची मराठी पण बदलायला लागली. आमच्याकडे सब्जी बनते, आणि अच्छी बनते. आता ती म्हणायला लागली, "भाजी केली आहे." एकदा म्हणाली, "आज उकाडा असह्य आहे." एकेचाळीस वर्षं आमच्याकडे गरमी होती. हा उकाडा कुठून आला ते मला बरोबर कळलं.

आणि ती वही. आधी टेबलावर उघडी असायची. मग मी जवळ आलो की शारदा ती पालथी घालू लागली. मी विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, "गृहपाठ." मी म्हणालो, दाखव, चुका काढून देतो. म्हणाली, "चुका काढायला ते आहेत." आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करायचं? मी शांत बसलो. म्हणजे तीन आठवडे शांत बसलो, आणि त्या शुक्रवारी सकाळी ती भाजीला गेल्यावर पिशवीत हात घातला.

पहिलंच पान. शारदाचं गोल गोल अक्षर, लहान मुलांसारखं. मकरंद गेट्स अप ॲट फाइव्ह.

मला वाटलं, ठीक आहे, मास्तरानं वर्गात सांगितलं असेल. खाली वाचलं. मकरंद गेट्स अँग्री इफ टी इज कोल्ड. हिला कसं माहीत त्याला गार चहा चालत नाही? कोणी दिला चहा? आणि गार चहावर चिडतो म्हणे, काय पण संस्कार. मी पान उलटलं. मकरंद गॉट वेट. आय गॉट हिम अ टॉवेल.

टॉवेल. मी खुर्चीवर बसलो. हा माणूस कुठे भिजला, आणि भिजला तेव्हा माझी बायको टॉवेल घेऊन तिथे काय करत होती? मे महिन्यात झाशीत माणूस भिजतोच कसा? लाल शाईनं टॉवेलच्या स्पेलिंगवर काहीतरी दुरुस्ती केली होती आणि कोपऱ्यात बरोबरची खूण होती. म्हणजे त्यानं हे वाचलं, आणि खूण केली. लाज नाही.

तिसऱ्या पानावर एकच ओळ होती. मकरंद डझ नॉट गेट मी.

माझं इंग्रजी कडक आहे. गेट म्हणजे मिळणे, प्राप्त होणे. मकरंदला मी मिळत नाही. माझ्या शारदानं, जी बाजारात भैयाशी दोन शब्द जास्त बोलत नाही, तिनं हे लिहिलं होतं. त्याखाली पण बरोबरची खूण होती.

त्याच्या पुढे मी वाचलं नाही. वही जशी होती तशी पिशवीत ठेवली. ती आली, पडवळ आणले होते. दुपारी जेवलो. पडवळाची चव कळली नाही. ती ताटात वाढत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होतो. टॉवेल देणारा हात तो. छातीत एक वेडावाकडा दगड बसल्यासारखं वाटत होतं, आणि तो स्टेंटचा नव्हता, तो मला ओळखता येतो. तीन महिने ती कॅनडाला जाणार याचं दुःख मी कसंबसं गिळलं होतं. पण ती तर जाण्याआधीच गेली होती, चार गल्ल्या पलीकडच्या हॉलमध्ये.

पाचला ती गेली. सव्वापाचला मी निघालो.

बाहेर भट्टी पेटलेली. हॉलपर्यंत पोचेस्तोवर सदरा पाठीला चिकटला. आत दोन कूलर घोंघावत होते आणि दहा-अकरा बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. सगळ्या ओळखीच्या. शशिकला, माधुरी, डॉक्टरांची रेवती. फळ्याजवळ तो, बूट घालून. मला बघून म्हणाला, "या जनार्दनराव, बसा ना." त्याच्या तोंडात माझं नाव कसं सहज येतं बघा.

मी बसलो नाही. शारदाच्या मांडीवरची वही उचलली. ती म्हणाली, "अहो, हे काय," आणि वही धरायला हात पुढे केला, पण मी ऐकणार होतो का?

"मकरंद गेट्स अप ॲट फाइव्ह," मी मोठ्यानं वाचलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मकरंद गॉट वेट, आय गॉट हिम अ टॉवेल. मकरंद डझ नॉट गेट मी." मी वही त्याच्यासमोर टेबलावर आपटली. "मी मूर्ख नाही, महाराज. चौतीस वर्षं इंग्रजीत काढली आहेत. हे काय चाललंय, ते या सगळ्यांसमोर सांगा."

 मकरंदनं आधी माझ्याकडे, मग शारदाकडे बघितलं, आणि खडू टेबलावर ठेवला. शारदा मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, पकडलं.

तेवढ्यात शशिकला उठली. ही आमच्या शेजारची, श्यामसुंदरची बायको, मला भाऊजी म्हणते, तिशीपासून ओळखते. तिनं आपली वही उघडली आणि चष्मा लावून वाचायला लागली. "मकरंद गेट्स अप फोर टाइम्स इन द नाइट. मकरंद गॉट फॅट." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, हा माझा मकरंद. तुमचे श्यामसुंदरजी."

माझ्या लक्षात आलं नाही. खरंच आलं नाही.

"माझा मकरंद मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो," माधुरी म्हणाली. "चार पानं आहेत त्याच्यावर."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मकरंद मात्र हसला नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "जनार्दनराव, दोष माझा आहे. मी पहिल्याच दिवशी यांना सांगितलं, पुस्तकातल्या जॉनवर वाक्यं करू नका, लक्षात राहत नाहीत. घरातल्या माणसावर करा, नावासकट. तर यांच्यातल्या बऱ्याच जणी गप्प बसल्या. शारदाताई म्हणाल्या, मी यांचं नाव लिहिणार नाही. म्हटलं, मग माझं लिहा. माझ्या घरी रागावायला कोणी नाही." त्यानं खडूची बोटं झटकली. "या वर्गात माझे आठ संसार आहेत. वह्या तपासताना कळतं कुठला कोणाचा. मी फक्त स्पेलिंग बघतो, बाकी कोणाकडे बोलत नाही."

मी वहीकडे बघितलं. आपटल्यामुळे ती पुढे कुठेतरी उघडली होती. मला वाचायचं नव्हतं, पण डोळे गेले. मकरंद गॉट टू स्मॉल पाइप्स इन हिज हार्ट. आय गॉट नो स्लीप फॉर नाइन डेज.

नऊ दिवस. मी ग्वाल्हेरच्या इस्पितळात नऊ दिवस होतो. ती बाकावर बसलेली असायची आणि मी विचारलं की म्हणायची, झोप झाली माझी.

मग बाकीचं सगळं एकदम जागेवर आलं. पाचला मीच उठतो. गार चहावर मीच ओरडतो. आणि एप्रिलमध्ये कूलरमध्ये पाणी भरताना पाइप सुटला, मी डोक्यापासून पायापर्यंत न्हालो, आणि शारदा हसत हसत टॉवेल घेऊन आली होती. मीच तो. दुसऱ्याच्या नावानं मी माझ्याच बायकोच्या वहीत राहत होतो, आणि स्वतःवरच जळत होतो.

"शारदा," मी म्हणालो, "चल घरी."

ती उठली. मला वाटलं, चालली बरोबर. तिनं टेबलावरची वही उचलली, पुठ्ठा पदरानं पुसला, आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. "माझा वर्ग साडेसहापर्यंत आहे."

मी पुढे झालो. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर पंखा लावला, बंद केला, परत लावला. तिला काय म्हणायचं ते मनात मांडून बघितलं. सगळं मसुद्यासारखं निघत होतं, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे, असं. शेवटी चहा टाकला. एकेचाळीस वर्षांत मी चहा टाकलेला नाही. साखर कुठल्या डब्यात आहे हे शोधायला दहा मिनिटं गेली. ती पावणेसातला आली तेव्हा चहाचं गार पाणी होऊन गेलं होतं. तिनं एक घोट घेतला. चांगला आहे म्हणाली नाही, वाईट आहे असंही नाही.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"काय सांगायचं होतं?"

"की तो मी आहे म्हणून."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही दाखव म्हणालात. चुका काढून देतो म्हणालात." ती कप हातात धरून बसली होती. "चार दिवस मी तुमच्यासमोर बसले होते, एका पाण्याच्या ग्लासासाठी. तेव्हा ओरडलात. तिथे कोणी ओरडत नाही. एवढंच आहे तिथे, दुसरं काही नाही. आणि तुम्ही तेच नेऊन सगळ्यांसमोर आपटलंत."

मी म्हणालो, "ते तिसऱ्या पानावरचं. मी मिळत नाही, असं का लिहिलंस? मी तर इथेच आहे, तू पण इथेच."

तिला आधी कळलं नाही मी काय म्हणतोय. मग कळलं, आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं ओरडली असती तर बरं.

"मिळणं नाही हो ते," ती म्हणाली. "कळणं. गेटचा तो पण एक अर्थ आहे. मकरंदला मी कळत नाही."

 चौतीस वर्षांच्या कडक इंग्रजीत हा अर्थ मला माहीत नव्हता.

तिनं फोन घेतला आणि चारुताला लावला. तिकडे सकाळ होती. "अगं, अमोघजींना सांग, तिकीट बदलायला. ऑक्टोबर नको. सहा महिने राहीन मी."

चारुताचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. आनंदानं किंचाळली पोरगी. मग म्हणाली, "आणि बाबा?"

शारदानं माझ्याकडे बघितलं. "बाबा इथेच बसलेत," म्हणाली. "चहा केलाय त्यांनी."

फोन ठेवला. समोर भिंतीवर कॅलेंडर, ऑक्टोबरच्या त्या तारखेभोवती माझा लाल गोल. मी रागावलो नाही. रागवायला आत काही उरलं नव्हतं. मला फक्त भीती वाटली, आणि ती मी लपवली पण नाही.

"सहा महिने," मी म्हणालो. "मी काय करू इथे सहा महिने? माझं कसं होणार?"

तिनं पिशवीतून ती निळी वही काढली, नवीन पान उघडलं, आणि थोडा वेळ पेन तसंच धरून बसली. मी बघत होतो. पतीचं नाव या खान्यापाशी ती अशीच थांबायची, मग पेन माझ्या हातात द्यायची आणि खिडकीबाहेर बघायची. मी सवयीनं हात पुढे केला.

तिनं पेन दिलं नाही. खाली वाकून एक ओळ लिहिली, सावकाश, एकेक अक्षर. मग वही माझ्या बाजूला फिरवून ठेवली आणि गच्चीवरचे कपडे काढायला वर गेली.

मी चष्मा लावला.

जनार्दन विल गेट बाय.

माझ्या नावाचं स्पेलिंग तिनं कुठून बघितलं असेल कोण जाणे. सवयीनं मी ओळीत चूक शोधली. दोनदा वाचली. चूक नव्हती.